तारापूरचं इंधन

24 सप्टेंबर 1980 रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये एका भारतीय वीज केंद्राच्या इंधनावर मतदान झालं. तारापूरच्या अणुभट्ट्यांसाठी 38 टन समृद्ध युरेनियम पाठवायला राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी परवानगी दिली होती आणि ती रद्द करण्याचा ठराव सभागृहापुढे होता. सहाच दिवसांपूर्वी प्रतिनिधीगृहाने 298 विरुद्ध 98 मतांनी नकार देऊन टाकला होता. सिनेटनेही तेच केलं असतं तर इंधन तिथेच थांबलं असतं. सिनेटचा कौल कार्टर यांच्या बाजूने लागला, 48 विरुद्ध 46. मुंबई आणि गुजरातमधले कारखाने चालवणाऱ्या केंद्राचं इंधन दोन मतांच्या फरकाने सुटलं.

ज्या करारानुसार हे इंधन यायचं होतं, त्यावर 17 वर्षांपूर्वीच सह्या झाल्या होत्या. केंद्राला लागेल तेवढं इंधन अमेरिका पुरवील, असं त्यात लिहिलेलं होतं. मग लिखित वचनाची पूर्तता दुसऱ्या देशाच्या संसदेतल्या मतमोजणीवर येऊन का ठेपली? आज देश अणुऊर्जेचा मोठा विस्तार करायला निघालेला असताना हा इतिहास पुन्हा एकदा क्रमाने पाहिला पाहिजे.

कोळशापासून दूर

स्वातंत्र्यानंतर पश्चिम भारतात कारखाने झपाट्याने वाढत होते, पण कोळसा होता बिहार-बंगालच्या खाणींत. रेल्वेने शेकडो कोस वाहून आणलेला कोळसा मुंबईत येईपर्यंत महाग होई. खाणींपासून इतक्या दूरच्या प्रदेशात अणुवीज कोळशाच्या विजेशी किमतीत बरोबरी करू शकेल, असं देशाच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे प्रमुख डॉ. होमी भाभा आग्रहाने मांडत होते. जागा ठरली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला, तारापूरच्या किनाऱ्यावर. भट्ट्या थंड ठेवायला अरबी समुद्राचं पाणी होतं आणि मुंबई साधारण शंभर किलोमीटरवर होती.

भाभांनी 1954 मध्येच देशाच्या अणुऊर्जेचा तीन टप्प्यांचा आराखडा मांडला होता. त्याचा पाया होता इंधनाचा हिशेब. भारतात युरेनियम थोडं आणि तेही हलक्या प्रतीचं. थोरियम मात्र केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत भरपूर. थोरियम थेट जाळता येत नाही, भट्टीत घालून त्याचं आधी युरेनियम-233 मध्ये रूपांतर करावं लागतं. म्हणून पहिल्या टप्प्यात घरचं नैसर्गिक युरेनियम जड पाण्याच्या भट्ट्यांत वापरायचं, दुसऱ्यात त्या वापरलेल्या इंधनातून काढलेल्या प्लुटोनियमवर द्रुत प्रजनक भट्ट्या चालवायच्या आणि तिसऱ्यात थोरियमकडे वळायचं, अशी ही शिडी होती. थोड्या युरेनियमवर दीर्घकाळ वीज मिळवायची, हा तिच्यामागचा विचार होता.

तारापूर या शिडीत बसत नव्हतं. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागे. निसर्गात मिळणाऱ्या युरेनियममध्ये युरेनियम-235 हा विखंडन होणारा घटक जेमतेम 0.7 टक्के असतो, तो या भट्ट्यांसाठी दोन टक्क्यांच्या वर न्यावा लागे. हे काम मोठ्या प्रमाणावर करणारे कारखाने तेव्हा मोजक्याच देशांकडे होते. तरीही भाभांनी हा मार्ग घेतला. अणुवीज भारतात परवडते आणि चालते, हे लवकरात लवकर दाखवून द्यायचं होतं. शिवाय अमेरिकेने सुमारे 8 कोटी डॉलरचं सवलतीचं कर्ज देऊ केलं होतं. 1963 मध्येच राजस्थानात रावतभाट्याला कॅनडाच्या मदतीने नैसर्गिक युरेनियमची भट्टी उभारायचंही ठरलं, म्हणजे मुख्य वाट सोडलेली नव्हती. तारापूर हा जवळचा रस्ता होता.

8 ऑगस्ट 1963 रोजी भारत-अमेरिका करार झाला, 30 वर्षांचा. त्यातली मुख्य अट दोन्ही बाजूंना बांधणारी होती. अमेरिकेने इंधन पुरवायचं आणि भारताने तारापुरात अमेरिकेने दिलेलंच इंधन वापरायचं. वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करून प्लुटोनियम काढायचं, तर ते दोन्ही देशांनी मिळून ठरवायचं. त्या काळी ही अट जाचक वाटली नाही. पुरवठादार एकच असला, तरी तो जगातला सर्वांत समर्थ पुरवठादार होता.

1964 मध्ये बांधकाम सुरू झालं. जानेवारी 1966 मध्ये भाभांचं विमान आल्प्समध्ये कोसळलं आणि आपलं केंद्र सुरू झालेलं पाहणं त्यांच्या नशिबी आलं नाही. 28 ऑक्टोबर 1969 पासून तारापूरच्या प्रत्येकी 210 मेगावॉटच्या दोन भट्ट्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या.

सिलिंडर ते भट्टी

पहिलं इंधन अमेरिकेतून तयार होऊनच आलं. नंतर हैदराबादला न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स उभं राहिलं आणि इंधन घडवण्याचं काम देशात होऊ लागलं. अमेरिकेतून समृद्ध युरेनियम हेक्झाफ्लोराइडच्या रूपात जाड पोलादी सिलिंडरमधून येई. हैदराबादला त्याची ऑक्साइड पूड करायची, ती दाबून बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या पाडायच्या, त्या भाजून कठीण करायच्या आणि झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या लांब नळ्यांत एकावर एक रचून नळ्यांची तोंडं बंद करायची. अशा 36 नळ्यांचा, सहा आडव्या आणि सहा उभ्या रांगांचा, एक जुडगा. एका भट्टीत असे 284 जुडगे. ठरावीक काळाने भट्टी बंद करून त्यातले काही काढायचे आणि नवे घालायचे.

घडवण्याची सारी कला हैदराबादच्या हातात होती. सिलिंडरमधलं युरेनियम मात्र परक्याचं. जुडगे काढायची वेळ आली आणि नवे नसले, तर भट्टीची ताकद ओसरू लागते. म्हणून सिलिंडर किती आले, हैदराबादला साठा किती उरला आणि तो किती महिने पुरेल, हा हिशेब दिल्लीत वरिष्ठ पातळीवर ठेवला जाऊ लागला.

पोखरणनंतर

18 मे 1974 रोजी भारताने पोखरणला अणुस्फोट केला. त्यातलं प्लुटोनियम मुंबईतल्या ट्रॉम्बे इथल्या अणुसंशोधन केंद्राच्या सायरस भट्टीतलं होतं, कॅनडाने दिलेल्या भट्टीतलं. तारापूरचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता आणि तिथलं इंधन आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली होतं. तरी फटका सगळ्यांनाच बसला. कॅनडाने सहकार्य थांबवलं. रावतभाट्याची दुसरी भट्टी भारतीय अभियंत्यांना स्वबळावर पुरी करावी लागली. अणुसामग्री विकणाऱ्या देशांनी एकत्र येऊन निर्यातीचे नियम ठरवायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे अणुपुरवठादार देशांचा गट आकाराला आला.

अमेरिकेत तारापूरसाठी पाठवायच्या प्रत्येक खेपेवर सुनावण्या होऊ लागल्या. 1976 मध्ये पर्यावरणवादी आणि शास्त्रज्ञांच्या संघटनांनी तिथल्या नियामक आयोगापुढे निर्यातीला हरकत घेतली. मग मार्च 1978 मध्ये अमेरिकी काँग्रेसने अण्वस्त्रप्रसारविरोधी कायदा केला. ज्या देशाची सर्व अणुकेंद्रं देखरेखीखाली नाहीत, त्याला ठरावीक मुदतीनंतर अणुइंधन द्यायचं नाही, असं या कायद्याने ठरवलं. भारताने ट्रॉम्बेसह सगळी दारं परक्या निरीक्षकांना उघडावीत, असा याचा सरळ अर्थ होता. पंतप्रधान मोरारजी देसाई स्वतः अणुबॉम्बचे विरोधक होते. पण काही देशांनी शस्त्रं बाळगायची आणि बाकीच्यांनी तपासणी सोसायची, हा भेद त्यांनाही मान्य नव्हता.

हा कायदा होण्याआधी, जानेवारी 1978 मध्ये, कार्टर दिल्लीला आले, तेव्हा तारापूरच्या आणखी एका खेपेला मंजुरी दिल्याचं त्यांनी भारतीय संसदेत जाहीर केलं. त्याच भेटीत आपल्या परराष्ट्रमंत्र्यांशी बोलताना, देसाईंना थंड आणि रोखठोक पत्र लिहावं लागेल असं ते म्हणाले आणि ते शब्द मायक्रोफोनने टिपले. पुढे एप्रिलमध्ये नियामक आयोगात मतं समसमान पडली आणि कार्टर यांना विशेष आदेश काढून इंधन सोडावं लागलं.

मे 1980 मध्ये आयोगाने निर्यातीचे अर्ज एकमताने फेटाळले. कार्टर यांनी पुन्हा आपला अधिकार वापरला आणि गोष्ट काँग्रेसपुढे गेली. कधीकाळी अंतराळात गेलेले सिनेटर जॉन ग्लेन विरोधकांचे म्होरके होते. कायदा करून तीन वर्षंही झाली नाहीत तोच त्याला अपवाद केला, तर जगात त्याला कोण विचारणार, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो पोकळ नव्हता. कार्टर सरकारची बाजू अशी, की सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात असताना भारताला दुखवणं परवडणार नाही. शिवाय अमेरिकेने करार मोडला, तर तारापूरच्या तळ्यात साठलेल्या वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करायला आपण मोकळे आहोत, असं भारत म्हणेल. त्या इंधनात प्लुटोनियम होतं. जे जुडगे भट्टीच्या दृष्टीने संपलेले होते, तेच आता भारताच्या हातातला हुकमी पत्ता ठरले.

सिनेटच्या मतदानाने तेवढ्यापुरती वाट काढून दिली. पुढचा पुरवठा अडतच राहिला. शेवटी जुलै 1982 मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या असताना नवे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्याशी तोडगा निघाला. करार कायम ठेवायचा, देखरेख कायम ठेवायची, इंधन मात्र अमेरिकेऐवजी फ्रान्सने द्यायचं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्सशी करार झाला. दोन्ही देशांनी आपली तत्त्वं राखली आणि भट्ट्या चालू राहिल्या.

अडचणीतून काय उगवलं

तुटलेल्या पुरवठ्याने भारतीय शास्त्रज्ञांना काय करायला लावलं, हे तमिळनाडूतल्या कल्पक्कमच्या उदाहरणात उत्तम दिसतं. तिथल्या प्रायोगिक द्रुत प्रजनक भट्टीचा आराखडा फ्रान्सच्या सहकार्याने झाला होता आणि तिचं समृद्ध युरेनियमही तिथूनच यायचं होतं. पोखरणनंतर ते मिळेना. तेव्हा ट्रॉम्बे आणि कल्पक्कमच्या शास्त्रज्ञांनी प्लुटोनियम आणि युरेनियम यांच्या मिश्र कार्बाइडचं इंधन तयार केलं. हा पदार्थ हवेत पेट घेतो, म्हणून निष्क्रिय वायूने भरलेल्या बंद पेट्यांत हात घालून काम करावं लागतं. भट्टीचं मुख्य इंधन म्हणून हे कार्बाइड जगात याआधी कोणी वापरलेलं नव्हतं. ऑक्टोबर 1985 मध्ये भट्टी त्यावर सुरू झाली आणि ते इंधन अपेक्षेपेक्षा कितीतरी पट टिकलं.

तारापुरातही पर्याय शोधला गेला. युरेनियम आणि प्लुटोनियम यांच्या मिश्र ऑक्साइडचे काही जुडगे 1994 पासून तिथे वापरून पाहिले गेले. उद्या बाहेरून काहीच आलं नाही, तरी केंद्र अंधारात जाणार नाही, ही त्यामागची तयारी होती.

या स्वावलंबनाचं कौतुक करताना त्याची किंमतही नोंदवली पाहिजे. वाफेच्या यंत्रणेतल्या गळतीमुळे तारापूरच्या भट्ट्यांची क्षमता 210 वरून 160 मेगावॉटवर आणावी लागली. जगाशी संपर्क तुटलेला असल्याने सुटे भाग आणि सल्ला मिळवणं कठीण झालं. ज्या विस्ताराची स्वप्नं भाभांनी पाहिली होती, त्याच्या जवळपासही देश पोहोचू शकला नाही.

1993 मध्ये 30 वर्षांचा करार संपला. फ्रान्सनेही, सर्व केंद्रांवर देखरेख असल्याशिवाय पुरवठा नाही, हे धोरण घेतलं होतं. 1995 मध्ये चीनने इंधन दिलं, 2001 मध्ये आणि पुन्हा 2006 मध्ये रशियाने. 2001 च्या खेपेवर अणुपुरवठादार गटातल्या बहुतेक देशांनी आक्षेप घेतला. अमेरिका, फ्रान्स, चीन, रशिया अशा चार देशांच्या इंधनावर ही दोन भट्ट्यांची जोडी चालत राहिली. दरवेळी साठा सरत आला, की पुरवठादाराचा शोध नव्याने सुरू होई.

घरच्या खाणी

एवढ्यावरून कोणी म्हणेल की चूक समृद्ध युरेनियम निवडण्यात झाली. घरच्या युरेनियमवर विसंबलो असतो, तर हा प्रसंग आलाच नसता. पण पुढच्या दशकाने हा समजही खोटा ठरवला.

देशातला युरेनियमचा मुख्य आधार म्हणजे झारखंडमधलं जादुगोडा. तिथे 1968 पासून युरेनियम काढलं जात होतं. तिथल्या एक टन खडकातून मिळणारं युरेनियम एक किलोही भरत नाही. बाकीचा सगळा चिखल तलावांत साठवावा लागतो. त्या तलावांच्या आसपास राहणारे हो आणि संथाळ आदिवासी जमिनीबद्दल आणि आरोग्याबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी करत आले. मेघालयातल्या डोमियासियातला चांगला साठा सापडला होता, पण खासी समाजाच्या विरोधापुढे तिथे खाण निघू शकली नाही. 1990 च्या दशकात नव्या खाणींची गती मंद राहिली आणि भट्ट्या मात्र वाढत गेल्या. तारापुरातच 540 मेगावॉटच्या, स्वदेशी बनावटीच्या, नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या दोन भट्ट्या 2005 आणि 2006 मध्ये सुरू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवावी लागली.

आणि त्याच सुमाराला देशातलं युरेनियम कमी पडू लागलं. 2007 ते 2009 या काळात भारतातल्या अणुभट्ट्या सरासरी जेमतेम निम्म्या क्षमतेने चालत होत्या. यंत्रं धडधाकट होती, माणसं तयार होती, इंधन नव्हतं. ज्यांनी जमिनी दिल्या, गावं सोडली, त्यांच्या त्यागावर उभ्या राहिलेल्या भट्ट्याही कमी ताकदीवर ठेवाव्या लागत होत्या. या वेळी कुठल्याही परदेशी संसदेने इंधन अडवलं नव्हतं. भट्टी बांधायचा निर्णय एका टेबलावर झाला आणि खाणीचा दुसऱ्या. खाणीजवळच्या माणसांचा विश्वास मिळवणं तर कोणाच्याच टेबलावर नव्हतं.

पुन्हा करार, नव्या अटी

18 जुलै 2005 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांचं संयुक्त निवेदन निघालं. त्यात तारापूरचा नाव घेऊन उल्लेख आहे. तिथल्या इंधनाचा प्रश्न लवकर विचारात घ्यायचं अमेरिकेने मान्य केलं होतं. पुढच्या तीन वर्षांच्या वाटाघाटींत जुन्या अनुभवाची सावली प्रत्येक कलमावर होती. मार्च 2006 मध्ये भारताने 22 पैकी 14 भट्ट्या नागरी म्हणून देखरेखीखाली ठेवायचं मान्य केलं. बदल्यात, भट्ट्यांच्या संपूर्ण आयुष्याला पुरेल असा इंधनाचा राखीव साठा करण्याची मुभा मागून घेतली. पुरवठा खंडित झालाच, तर अमेरिका आणि भारताने मिळून इतर मित्रदेशांना एकत्र आणायचं, हेही लिहून घेतलं.

अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर रुपारेल आणि व्हीजेटीआयमध्ये शिकून ट्रॉम्बेत आलेले. प्रजनक भट्ट्यांचा कार्यक्रम देखरेखीच्या यादीत घालायला त्यांनी 2006 च्या फेब्रुवारीत जाहीरपणे विरोध केला. इंधनाबाबतचं दीर्घकालीन स्वातंत्र्य ज्या टप्प्यावर अवलंबून आहे, त्याच्या किल्ल्या दुसऱ्याकडे द्यायच्या नाहीत, असा त्यांचा आग्रह होता. प्रजनक भट्ट्या यादीबाहेर राहिल्या.

जुलै 2008 मध्ये सरकारने या भारत-अमेरिका अणुकरारावरून विश्वासदर्शक ठराव 275 विरुद्ध 256 मतांनी जिंकला. 6 सप्टेंबरला अणुपुरवठादार गटाने भारताला सूट दिली. फ्रान्स, रशिया, कझाकस्तान आणि 2015 मध्ये कॅनडाकडूनही युरेनियम येऊ लागलं. पोखरणनंतर सर्वांत आधी दार लावणाऱ्या देशाने चार दशकांनी ते उघडलं. देखरेखीखालच्या भट्ट्या पुन्हा पूर्ण ताकदीने चालू लागल्या.

पुढचा हिशेब

आज देशाची अणुवीज क्षमता सुमारे 8,800 मेगावॉट आहे आणि 2047 पर्यंत ती 1,00,000 मेगावॉटवर न्यायचं उद्दिष्ट केंद्र सरकारने 2025 च्या अर्थसंकल्पात जाहीर केलं. कोळशाचा धूर कमी करायचा, तर अहोरात्र चालणारी स्वच्छ वीज लागणारच. म्हणून हे उद्दिष्ट मला योग्य वाटतं. पण इंधनाचा आकडा पाहिल्याशिवाय ते अपुरं आहे. हजार मेगावॉटच्या भट्टीला वर्षाकाठी साधारण 150 ते 200 टन नैसर्गिक युरेनियम लागतं. म्हणजे एक लाख मेगावॉटला दरवर्षी 15 ते 20 हजार टन. साऱ्या जगातल्या खाणींतून आज वर्षाला जे निघतं ते पन्नास-साठ हजार टनांच्या घरात आहे आणि त्यावर डोळा ठेवून असलेले आपण एकटे नाही.

आंध्रातल्या तुम्मलपल्लेला मोठा साठा आहे, पण त्याची प्रतही हलकीच. थोरियमकडे नेणारी शिडी अजून दुसऱ्या पायरीवर आहे. कल्पक्कमच्या 500 मेगावॉटच्या प्रजनक भट्टीचं काम 2004 मध्ये सुरू झालं आणि तिचा गाभा भरायला सुरुवात व्हायला मार्च 2024 उजाडलं. वीस वर्षांचा हा काळ विस्ताराच्या हिशेबात धरला पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला 9,900 मेगावॉटचं केंद्र प्रस्तावित आहे. ते झालं, तर त्याला समृद्ध युरेनियमच लागेल. तारापूरच्या मूळ जोडीच्या तेवीस पटींहून अधिक क्षमतेचं केंद्र पुन्हा बाहेरच्या इंधनावर चालेल.

आयातीला घाबरायचं कारण नाही. तारापूरचा करार एकाच देशाला बांधलेला होता आणि हाताशी साठा नव्हता, म्हणून तो फसला. 2008 नंतरची व्यवस्था टिकली, कारण पुरवठादार अनेक आहेत आणि राखीव साठ्याचा हक्क लिहून घेतला आहे. तो हक्क प्रत्यक्ष गोदामांत उतरला पाहिजे. घरच्या खाणी हव्यात, पण जादुगोडा आणि डोमियासियात यांनी दाखवलं आहे, की तिथल्या माणसांना बाजूला सारून काढलेलं युरेनियम फार काळ निघत नाही. आणि वापरलेलं इंधन हा कचरा नसून ठेवा आहे, हे 1980 मध्ये वॉशिंग्टनने ओळखलं होतं. आपण त्याच्या पुनर्प्रक्रियेची क्षमता भट्ट्यांच्या बरोबरीने वाढवली पाहिजे.

1963 मध्ये भट्टीचा करार आणि इंधनाचा करार एकच होता, पण इंधन थांबलं तर काय करायचं हे त्यात नव्हतं. यापुढे कुठल्याही नव्या अणुकेंद्राला मंजुरी देताना त्याच्या आयुष्यभराचं युरेनियम कोणत्या खाणींतून येईल, किती वर्षांचा साठा हाताशी असेल आणि वापरलेलं इंधन कुठे जाईल, याचा लेखी हिशेब संसदेपुढे मांडणं कायद्याने बंधनकारक असावं. इंधनाची तीस वर्षं चिंता वाहिलेल्या देशाने एवढी शिस्त तरी स्वतःला लावून घ्यावी.